उत्तर १२५ बरोबर आहे, पण ते का हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक कोडं आलं होतं. पाच गावं आहेत, कुठल्याही दोन गावांमध्ये थेट रस्ता करता येतो, पण पैसे कमी आहेत म्हणून कमीत कमी रस्ते बांधून सगळी गावं एकमेकांशी जोडायची, तर हे किती वेगवेगळ्या प्रकारे करता येईल? पुढच्या आठवड्यात उत्तर आलं, १२५. उत्तर बरोबर आहे. माझी तक्रार एवढीच की नुसता आकडा छापला, का ते एका ओळीतही नाही, आणि त्यामुळे एका चांगल्या कोड्याचं मातेरं झालं. आमच्या ओळखीतल्या अकरावी-बारावीच्या पोरांनी ते हौसेने सोडवायला घेतलं होतं, कुणाचं उत्तर ३, कुणाचं २१०, आणि १२५ बघून सगळ्यांचा एकच प्रश्न की हे आलं कुठून. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण हा विषय खरंच सुंदर आहे आणि आपल्याकडे तो पोरांच्या हातात जवळजवळ येऊन निसटतो.

आधी विषयाचं नाव सांगून टाकते. गावं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, ह्या चित्राला ग्राफ म्हणतात. दोन बिंदूंमध्ये जास्तीत जास्त एकच रेषा आणि कुठलीही रेषा फिरून स्वतःच्याच बिंदूवर येत नाही, असा असेल तर तो सिंपल ग्राफ. आणि सगळे बिंदू जोडले जातील पण कुठेही गोल फेरा होणार नाही अशा निवडलेल्या रेषा म्हणजे स्पॅनिंग ट्री. पाच गावांना नेमके चार रस्ते लागतात, एक कमी केला तर कुणीतरी तुटतं, एक जास्त केला तर फेरा होतो. कोडं विचारत होतं की अशी झाडं किती.

२१० वाल्या मुलीचं फारसं चुकलेलं नव्हतं. पाच गावांत शक्य रस्ते १०, त्यातले कुठलेही ४ निवडायचे म्हणजे २१० निवडी. पण त्यातल्या काही निवडींमध्ये फेरा होतो आणि एक-दोन गावं बाहेर राहतात, त्या वजा करायला हव्यात. चार रस्त्यांचा चौकोनी फेरा झाला तर पाचवं गाव एकटं पडतं, असे फेरे १५. नाहीतर तीन रस्त्यांचा त्रिकोण आणि चौथा रस्ता दुसरा कुठलातरी, त्रिकोण १० आणि उरलेले रस्ते ७ म्हणजे ७०. चार रस्त्यांत दोन त्रिकोण मावतच नाहीत त्यामुळे काही दोनदा मोजलं गेलेलं नाही. २१० वजा ८५ बरोबर १२५. झालं! हे सातवी-आठवीच्या पोरालासुद्धा कागदावर दाखवता येतं.

३ वाला मुलगा आकार मोजत होता. एक गाव मधे आणि चार भोवती, किंवा सगळी एका ओळीत, किंवा एका गावातून तीन फाटे आणि त्यातला एक पुढे लांबलेला. आकार तीनच आहेत हे खरंय, पण गावांना नावं आहेत ना, मधे कुठलं गाव आहे ह्याने फरक पडतो. पहिल्या आकाराचे ५, दुसऱ्याचे ६०, तिसऱ्याचे ६०, बेरीज परत १२५. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता सहा गावं घ्या, १२९६ येतात, आणि दहा गावं घेतली तर दहा कोटी. तिथे असं वजाबाकी करत बसलं तर आयुष्य जाईल. पण आकडे नीट बघा, चार गावांना १६ म्हणजे ४ चा वर्ग, पाच गावांना १२५ म्हणजे ५ चा घन, सहाला ६ चा चौथा घात. गावं जितकी, त्या संख्येचा दोनने कमी घात. ह्याला केलीचं सूत्र म्हणतात, आर्थर केलीचा लेख १८८९ चा, पण बोर्खार्ट नावाच्या जर्मन गणितज्ञाने ते १८६० मध्येच काढलं होतं आणि केलीने स्वतः त्याचं नाव घेतलंय. हे सूत्र का खरं आहे त्याची मला सगळ्यात आवडणारी सिद्धता १९१८ मधली, हाइन्झ प्रूफर ह्यांची, आणि ती इतकी साधी आहे की पेपरात सहज छापता येते. गावांना १ ते ५ नंबर द्या. ज्या गावाला एकच रस्ता आहे अशांपैकी सगळ्यात लहान नंबरचं गाव पुसा, आणि ते ज्याला जोडलेलं होतं त्याचा नंबर लिहून ठेवा. दोनच गावं उरेपर्यंत हे करत राहा. समजा रस्ते १-३, २-३, ३-४, ४-५ असे आहेत. १ पुसलं, लिहिलं ३. २ पुसलं, परत ३. आता ३ ला एकच रस्ता उरला, ते पुसलं, लिहिलं ४. उरली ४ आणि ५, थांबलो. कोड झाला ३३४. आणि गंमत म्हणजे ह्या ३३४ वरून उलटं जाऊन तेच झाड परत उभं करता येतं, कोडमध्ये नसलेला सगळ्यात लहान नंबर घ्यायचा, कोडच्या पहिल्या आकड्याशी जोडायचा, तो नंबर यादीतून आणि तो आकडा कोडमधून खोडायचा आणि पुढे जायचं, शेवटी उरलेल्या दोघांना जोडायचं. कुठलेही तीन आकडे लिहा, त्याचं एक आणि एकच झाड होतं. मग झाडं किती, तर १ ते ५ वापरून तीन आकड्यांचे कोड जितके तितकी, पाच गुणिले पाच गुणिले पाच. ह्याला ना मोठं सूत्र लागतं ना कॅलक्युलेटर, आणि एवढं छापायला तुमच्या पुरवणीत पाव कॉलम पुरला असता.

पण हे झालं जेव्हा कुठल्याही दोन गावांत रस्ता शक्य आहे तेव्हा. खऱ्या जगात मधे नदी येते, डोंगर येतो, काही रस्ते होऊच शकत नाहीत. मग केलीचं सूत्र चालत नाही, आणि खरा विषय इथून सुरू होतो.

चार गावं घ्या, अ, ब, क, ड. अ आणि क च्या मधे डोंगर आहे, तो रस्ता नाही, बाकीचे पाच रस्ते शक्य आहेत. झाडं किती? एक पद्धत अशी की कुठलाही एक रस्ता धरायचा आणि विचारायचं, हा घेतला तर किती आणि नाही घेतला तर किती. ब-ड धरू. नाही घेतला तर उरतो अ-ब-क-ड असा चौकोन, त्यातला कुठलाही एक रस्ता काढला की झाड, म्हणजे ४. घेतला तर ब आणि ड जणू एकच गाव झालं, त्या जोडगावाला अ कडून दोन रस्ते आणि क कडूनही दोन, प्रत्येकाचा एक निवडायचा, दोन गुणिले दोन, परत ४. एकूण ८. (इथे एक गोष्ट पोरांच्या लक्षात आणून द्यावी लागते, की सुरुवात सिंपल ग्राफने केली तरी दोन गावं एकत्र केल्यावर दुहेरी रस्ते तयार होतात आणि ते दोन वेगळे म्हणूनच मोजायचे, नाहीतर उत्तर चुकतं.)

आता हेच चित्र परत काढून बघा. अ, ब, क, ड ची चार टोकं, बाजूच्या चार रेषा आणि मधून ब-ड अशी एक आडवी रेषा. ओळखलंत? बारावीच्या फिजिक्समधला व्हीटस्टन ब्रिज आहे हा! बाजूला चार रेझिस्टन्स, मधे गॅल्व्हानोमीटर, फक्त बॅटरी काढून ठेवलीय. आणि हे काही योगायोगाने सारखं दिसत नाहीये. त्याच धड्यात पोरं किरचॉफचे दोन नियम घोकतात, जंक्शनचा आणि लूपचा, त्यावर गणितं सोडवून मार्क मिळवतात, पण कुणीही त्यांना सांगत नाही की ह्याच किरचॉफने १८४७ मध्ये, वय वर्षं अवघी २३, असल्या जाळ्यातला करंट स्पॅनिंग ट्री वापरून कसा काढायचा ते दाखवलं होतं, आणि कुठल्याही ग्राफमधली झाडं मोजायचा जो नियम आज आपण वापरतो तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याचं गाव कोनिग्सबर्ग, तेच सात पुलांचं कोनिग्सबर्ग, जिथले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का ह्या कोड्यावरून ऑयलर ह्या गणितज्ञाने १७३६ मध्ये ग्राफच्या विषयाला सुरुवात करून दिली.

नियम असा. प्रत्येक गावासाठी एक ओळ आणि एक उभा रकाना अशी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, करा. कर्णावर त्या त्या गावाला किती रस्ते आहेत तो आकडा. दोन गावांत रस्ता असेल तर तिथे वजा १, नसेल तर शून्य. मग कुठल्याही एका गावाची ओळ आणि रकाना खोडा, उरलेल्याचा डिटरमिनंट (निश्चयक, म्हणजे तक्त्यातल्या आकड्यांवरून ठरलेल्या रीतीने येणारी एक संख्या) काढा, तेवढी झाडं. आपल्या उदाहरणात ड खोडला तर अ ची ओळ २, −१, ०, ब ची −१, ३, −१, आणि क ची ०, −१, २. डिटरमिनंट म्हणजे २ गुणिले (६ − १) बरोबर १०, त्यातून २ वजा, ८. ताळा जमला. आता ड च्या ऐवजी ब खोडून बघा, आकडे वेगळे पण उत्तर ८ च. दोन बाय दोनचा निश्चयक पोरं दहावीत शिकतात, क्रेमरच्या पद्धतीसाठी, तीन बाय तीनचा अकरावीला. म्हणजे बारावीच्या मुलाकडे अर्धी गोष्ट फिजिक्सच्या वहीत आहे आणि अर्धी गणिताच्या, दोन्ही वह्या एकाच दप्तरात, आणि त्या दोन वह्यांची भेट घालून द्यायला कुणी नाही. हे मला फार लागतं. इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, डिटरमिनंट कशाला काढायचा हा प्रश्न दरवर्षी वर्गातून यायचा, आणि पुस्तकात त्याला समीकरणं सोडवायला ह्यापलीकडे उत्तर नसायचं.

अजून एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला सगळ्यात जास्त भावते. पाचही रेषांवर एकेक ओहमचा रेझिस्टन्स लावा. ब आणि ड च्या मधे एकूण रेझिस्टन्स किती? थेट एक ओहम, अ वरून दोन ओहम, क वरून दोन ओहम, तिन्ही समांतर (अ आणि क मधे रेषाच नाही), म्हणजे अर्धा ओहम. आता ८ झाडांपैकी ब-ड रस्ता किती झाडांत आहे? वर मोजलंच, ४. आठातले चार, अर्धा. अ-ब चं बघा, तो रस्ता ५ झाडांत येतो, आणि अ आणि ब च्या मधला रेझिस्टन्स काढला तर तो येतो ५/८ ओहम. करून बघा, सिरीज-पॅरलल एवढंच लागतं. म्हणजे मीटर लावून जो आकडा दिसेल तो आतल्या आत झाडं मोजून आलेला असतो. प्रॅक्टिकलच्या तासाला, एक-एक ओहमचे पाच रेझिस्टर घेऊन, हे पोरांना दाखवलं तर काय मजा येईल!

इंजिनिअरिंगला गेल्यावर स्पॅनिंग ट्री भेटते, पण ती फक्त सगळ्यात स्वस्त झाड शोधण्यापुरती. क्रुस्कल आणि प्रिम ह्यांच्या रीती, दहा मार्कांचा प्रश्न, ठरलेल्या पायऱ्या, पाठ करून जा. स्वस्त झाड शोधणं महत्त्वाचं आहेच, बोरुव्का नावाच्या चेक गणितज्ञाने १९२६ मध्ये त्यांच्याकडच्या मोराविया प्रांतातल्या विजेच्या तारांसाठी ते केलं तेव्हापासून त्याचा उपयोग सिद्ध आहे. कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये रेडिया पर्लमन ह्या बाईंनी १९८५ मध्ये काढलेल्या पद्धतीने स्विच (कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेट्या) आपापसात ठरवून एक झाड चालू ठेवतात, बाकीच्या लिंका बंद, आणि एखादी केबल तुटली की दुसरं झाड शोधतात. पण दुसरं झाड मुळात शिल्लक असायला हवं ना. म्हणून किती झाडं आहेत हा प्रश्न नुसता कोड्याचा नाही. सहा गावं आणि नऊ रस्ते घ्या, प्रत्येक गावाला बरोबर तीन रस्ते. एक रचना अशी की तीन गावं इकडे, तीन तिकडे, आणि इकडचं प्रत्येक तिकडच्या प्रत्येकाला जोडलेलं, तिच्यात ८१ झाडं. दुसरी रचना अशी की दोन त्रिकोण आणि त्यांचे कोपरे समोरासमोर जोडलेले, तिच्यात ७५. खर्च तेवढाच, रस्ते तेवढेच, पण पहिल्या रचनेत जोडून राहायच्या वाटा जास्त. हे नुसतं चित्र बघून कळत नाही, मोजावंच लागतं.

आणि आता मराठी वाचकांसाठी मुद्दाम. शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहितीये? जन्म १९१७ सागरचा, कॉलेजचं शिक्षण नागपूरला, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख, २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. १९५९ मध्ये त्यांनी राज चंद्र बोस आणि पार्कर ह्यांच्याबरोबर ऑयलरचा लॅटिन चौरसांबद्दलचा (असे पट की प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं) पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज खोटा ठरवला, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती. त्यांच्या नावाचा एक ग्राफ आहे, श्रीखंडे ग्राफ, जगभर त्याच नावाने शिकवला जातो, १६ बिंदू, ४८ रेषा. तो काढायला अवघड नाही. चार बाय चारचा पट घ्या, वरची कड खालच्या कडेला आणि डावी उजवीला लागून आहे असं समजा, आणि प्रत्येक घर डावं-उजवं, वर-खाली आणि एकाच दिशेच्या तिरक्या रेषेवरची दोन अशा सहा घरांना जोडा. आता त्याच्याशेजारी दुसरा ग्राफ ठेवा, तोच चार बाय चारचा पट पण बुद्धिबळातला हत्ती जसा चालतो तसं प्रत्येक घर आपल्या आडव्या आणि उभ्या ओळीतल्या सहा घरांना जोडलेलं. दोन्हीत १६ घरं, ४८ रेषा, प्रत्येकाला सहा शेजारी, आणि कुठलीही दोन घरं घ्या, त्यांचे सामाईक शेजारी बरोबर दोन. तरी दोन्ही ग्राफ वेगळे आहेत, हत्तीच्या ग्राफमध्ये सगळी एकमेकांना जोडलेली अशी चार घरं मिळतात, एक आडवी ओळ घेतली की झालं, आणि श्रीखंडे ग्राफमध्ये अशी चार कुठेच मिळत नाहीत. पण झाडं मोजा! दोन्हीकडे नेमकी तेवढीच, २ चा ३५ वा घात, ३४,३५,९७,३८,३६८. चौतीस अब्जाच्या वर झाडं आणि एकाचाही फरक नाही, कारण प्रत्येकाला सहा शेजारी आणि कुणाही दोघांना दोन सामाईक एवढ्याच माहितीवर त्या मॅट्रिक्सचं उत्तर ठरून जातं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते दोन पट काढून बघत बसले होते. ज्या माणसाने नागपूरला शिक्षण घेतलं आणि मुंबईत इतकी वर्षं शिकवलं त्याचं नाव लागलेली ही वस्तू आपल्या कॉलेजांच्या भिंतीवर चित्र म्हणून तरी लावलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून दोन विनंत्या. पहिली अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना, तुमच्या पेपरमार्फत. नवा धडा नको, पोरांच्या डोक्यावर आहे तेच पुष्कळ आहे, फक्त डिटरमिनंटच्या धड्याच्या शेवटी एक पान द्या, त्यात हा चार गावांचा ग्राफ, आणि फिजिक्सच्या धड्यात व्हीटस्टन ब्रिजच्या खाली दोन ओळी की हे गणिताच्या त्या पानावर बघा. प्रोजेक्टला दरवर्षी तेच तेच विषय येतात, त्यात हा एक टाका, खर्च पाच रेझिस्टर आणि एक मल्टीमीटर.

दुसरी तुम्हाला. कोड्यांचं पान नुसतं सुडोकूवर काढू नका, असली कोडी द्या आणि उत्तराबरोबर रीत द्या, जागा कमी पडली तर कोडं पंधरा दिवसांनी एकदा द्या पण रीत द्याच. वाचक तेवढा विचार करतात, ते लहान पोरं आहेत असं समजू नका, आणि लहान पोरंसुद्धा करतात. पुढचं कोडं मीच देते. एक शिडी घ्या, दोन उभे बांबू आणि मधे पायऱ्या, पायरी जिथे बांबूला लागते तो बिंदू, आणि शिडी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतच धरायची. एका पायरीला १ झाड, दोन पायऱ्यांना ४, तीनला १५, चारला ५६. प्रत्येक आकडा आधीच्याच्या चौपटीतून त्याच्या आधीचा वजा केला की येतो. का, ते वाचकांनी लिहून पाठवावं, आणि ज्यांना ते जमेल त्यांनी तीन बाय तीनची नऊ चौकांची जाळी घ्यावी, तिथे १९२ येतात, तिथली रीत शिडीपेक्षा अवघड आहे पण चौकोनाची सममिती वापरली तर आठ बाय आठचा डिटरमिनंट हाताने उलगडत बसावं लागत नाही.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सांगली